लव्हाळ्याचा क्रूस

सिस्टर, तुमच्या त्या आयर्लंडच्या संत ब्रिजिदपायी काल जळगावच्या पिंप्राळ्यात भर दुपारी माझी फजिती झाली. दोष तुमचाच. तुम्ही केरळच्या, तुम्हाला हे शिकवलं कुण्या म्हाताऱ्या आयरिश सिस्टरने, आणि भोगायचं आम्ही, धुळ्याच्या होस्टेलमधल्या पोरांनी! जानेवारी संपत आला की तुम्ही आम्हाला पांझरेच्या काठी लव्हाळे उपटायला न्यायचात. पाचवीत मी घाईघाईत ब्लेडने कापून आणले, तर तुम्ही अख्खा भारा खिडकीबाहेर फेकलात. "कापलेलं नाही चालणार. परत जा." का नाही चालणार? "त्यांच्याकडे नाही चालत." हे काय उत्तर झालं, सिस्टर? मग गार फरशीवर बसून एकेक काडी दुमडायची, फिरवायची, चारी टोकं बांधायची. नवा क्रूस दारावर चढला की जुना चुलीत, आणि प्रत्येकाला लोणी घातलेला बटाट्याचा गोळा. तो मात्र मी दोनदा मागायचो.

तुम्ही देवाघरी जाऊन नऊ वर्षं झाली. मी हल्ली रावेरला केळीच्या पॅकिंगवर असतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, आणि तेव्हापासून माझ्या मागच्या बाकावर बसणारी ती माझा फोन उचलत नाही. काल एक फेब्रुवारी. म्हटलं, ब्रिजिदचा सण आहे, निमित्त आहे. नाल्यात गुडघाभर उतरून लव्हाळे उपटले, क्रूस वळला आणि तिच्या दारात उभा राहिलो. दार उघडलं तिच्या आबांनी. मूळचे शिंदखेड्याकडचे, बोलणं अजून अहिराणीच.

"हाई काय शे, भाऊ?"

"क्रूस, आबा. दारावर लावला की घराला आग लागत नाही."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "घर तं आमनं सिमेटनं शे. काय जळी?" आतून ती खदखदून हसली. आबा क्रूस हातात घेऊनच माझ्यासाठी पाणी आणायला वळले, तशी ती बाहेर आली.

"चिखलात उतरायला वेळ आहे तुला. पेपरला बसायला नव्हता?"

माझं डोकंच सटकलं. "सरांनी सगळ्या वर्गासमोर माझा अपमान केला होता!"

"ते सर कधीच बदलून गेले. आता कोण आडवं येतंय? आबा स्थळं बघताहेत. जूनमध्ये कॉलेजात दिसलास तर मी त्यांच्याशी बोलेन. नाहीतर येऊ नकोस."

पाणी न पिताच निघालो. सकाळपासून चिडचिड चाललीय, तुमच्यावर, तिच्यावर, त्या बदलून गेलेल्या सरांवरही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर खरं लिहितो. सरांशी भांडण झालं होतं, पण त्यापायी कॉलेज सोडलं नाही. पहिल्या पेपरला निघालो आणि जळगावच्या बसस्टँडवर बाकावर बसून राहिलो. काही येत नव्हतं, भीती वाटली. पेपर सुटेपर्यंत तिथेच होतो. हे तिला सांगायचंय. आधी तुम्हाला सांगून बघितलं.