आमच्या तोरण्याचा उद्धार

ती. ताईस,

धाकट्या शर्मिलेचा विश्रांतवाडीहून सलाम. प्रभूच्या दयेने आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझे गुडघे, तुझी मांजर आणि तुझा राग ही मंडळीही ताळ्यावर असतील अशी आशा करते. फोन सोडून पत्र कशाला, असं तू पहिल्याच ओळीला म्हणशील. फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस. (सगळी नोकरी मेट्रन म्हणून केलीस, डॉक्टरांनाही कधी पुरं बोलू दिलं नाहीस, तिथे माझी काय कथा.) पत्राला मधेच तोडता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

नॉर्वेतल्या एका चर्चच्या मंडळीतला तरुण आपल्या चर्चमध्ये महिनाभर सेवेला येणार, हे मी तुला कळवलं होतं. त्याने बालवाडीच्या भिंती रंगवायच्या, संडेस्कूलच्या पोरांना गाणी शिकवायची, पाळकसाहेबांबरोबर आजाऱ्यांना भेटायला जायचं. आणि बदल्यात आपल्यातलं एक माणूस उन्हाळ्यात महिनाभर त्यांच्याकडे जायचं. जायचं कोणी, यावरून कमिटीत जे झालं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. सेक्रेटरी अनंतरावांनी आपणच जाणार असं धरून कानटोपीसुद्धा आणून ठेवली होती. पाहुणा इंग्रजीत बोलेल आणि आपण दुभाष्या होऊ, असा त्यांचा बेत. मी म्हटलं, दुभाष्या कशाला? माझ्या घरी ठेवा, शेवटच्या रविवारी मराठीत उपदेश करून दाखवील, महिना पुष्कळ झाला. अनंतराव हसले. (समोरच्याला ताप आल्यासारखं बघत हसतात ते.) पाळकसाहेबांनी मग सरळ ठरवूनच टाकलं की उपदेश मराठीत झाला तर नॉर्वेला शर्मिलाताई जातील, नाही झाला तर अनंतराव. सगळ्यांसमोर ठरलं, ताई. आता माघार घेतली असती तर मला मंडळीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मुलाचं नाव तोरब्यॉर्न. ते कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच रविवारी मंडळीने त्याचा तोरणे करून टाकला. अनंतरावांच्या सासूबाईंनी तर त्याला आपादमस्तक न्याहाळून, श्रीरामपूरचे तोरणे का, म्हणून चौकशी केली. (त्याने हसून मान डोलावली. त्या अजूनही त्याचे काका कुठल्या बँकेत होते ते आठवताहेत.) मुलगा मराठीत अगदीच कोरा नव्हता. त्याची पणजी कधीकाळी इकडे नर्स होती म्हणे. तिच्याकडच्या जुन्या मराठी बायबलवरून तो घरीच थोडं शिकून आला होता. त्यामुळे झालं असं, की त्याला मेंढरू, द्राक्षमळा आणि पश्चात्ताप हे शब्द येत होते, पण चार्जर कुठे लावू हे विचारता येत नव्हतं. स्टेशनवर उतरला आणि रिक्षावाल्याला हात जोडून म्हणाला, हे बंधो, मजला विश्रांतवाडीस ने. रिक्षावाला म्हणाला, मजल्यापर्यंत नाही जमणार साहेब, गेटपर्यंत सोडतो. विश्रांतवाडीत विश्रांती मिळत असणार अशीही बिचाऱ्याची समजूत होती. ती आळंदी रोडच्या हॉर्नने पहिल्याच पहाटे घालवली.

घरात आल्यावर मी त्याला हाती घेतला. मुलाला वळण नव्हतं असं नाही, पण ते नॉर्वेचं होतं. बूट घालून स्वयंपाकघरात यायचा, उभ्याने पाणी प्यायचा, आणि जेवताना नको म्हणाला की त्याला खरंच नको असायचं! आता पाहुण्याने नको म्हणायचं आणि आपण वाढायचं, ही रीत आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. त्याचं नको ऐकून मी तिसरी पोळी वाढली की तो ती घाबरून खायचा, आणि ताट रिकामं दिसलं की मी चौथी वाढायचे. आठवडाभर आम्ही दोघंही एकमेकांच्या सभ्यपणाने हैराण झालो होतो. शेवटी आमच्या ह्यांनी त्याला ताटावर दोन्ही हात आडवे धरायला शिकवलं. (ह्यांनी इतक्या वर्षांत मला कधी काही शिकवलं नाही, त्याला मात्र दोन मिनिटांत शिकवलं.) समोरच्या पूर्णिमावहिनींनी वेगळाच घोळ घातला. त्या विरजण न्यायला आल्या आणि येते हं म्हणून गेल्या. तोरणे दार उघडं धरून उभा. जेवायची वेळ झाली तरी उभा. मी त्याला म्हटलं, अरे येते म्हणजे गेली! त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच क्षणभर आपल्या भाषेची काळजी वाटली.

खरं संकट पुढेच होतं, आणि ते मीच ओढवून घेतलं. आम्ही रिक्षातून चर्चला चाललो होतो. एका पोराने मोटरसायकल आडवी घातली, आणि आमच्या रिक्षावाल्याने बाहेर मान काढून त्याच्या सगळ्या खानदानाचा हिशोब चुकता केला. हा काय म्हणतो आहे, असं तोरणेने विचारलं. मी आपली सहज बोलून गेले, काही नाही रे, उद्धार करतोय त्याचा. ताई, त्या मुलाचा चेहरा असा उजळला! ज्या शब्दासाठी तो समुद्र ओलांडून आला, तो शब्द इथे भर चौकात, फुकट, सिग्नल सुटायच्या आत चालला होता. (तो आधीच भारावलेला होता. चौकातल्या पतसंस्थेवर ‘सोनेतारण, त्वरित’ अशी पाटी आहे, तिच्याखाली उभं राहून त्याने फोटो काढून घरी पाठवला होता. तारण म्हणजे पापातून सुटका, हा आपल्या मंडळीतला अर्थ त्याला येत होता, गहाण ठेवण्याचा येत नव्हता.) मी हसले आणि विसरून गेले. तिथेच चुकलं.

त्याच आठवड्यात चर्चच्या प्रीतिभोजनाचे कांदे आणायला ह्यांनी त्याला मार्केट यार्डात नेलं. तिथे पाठीवर पोतं घेतलेले हमाल धावत असतात, आणि हा वाटेत उभा राहून कोथिंबिरीच्या ढिगाचं कौतुक करत होता. पुढे काय झालं ते ह्यांनी मला सांगितलं नाही, कारण ह्यांच्याच्याने ते सांगवेना. गुरुवारी आमच्याकडे प्रार्थनासभा होती. पाळकसाहेब, अनंतराव, त्यांच्या सासूबाई, सगळे हजर. कोणाला देवाच्या कृपेची साक्ष द्यायची आहे का, असं विचारल्याबरोबर तोरणे उठला आणि भरल्या आवाजात म्हणाला, आज मार्केट यार्डात एका गरीब हमालाने माझा उद्धार केला. सासूबाई म्हणाल्या, आमेन. तो म्हणाला, माझ्या आईचाही केला.

पाळकसाहेबांना ठसका लागला. मी पाणी आणायला म्हणून आत गेले ती तिथेच ओट्याला धरून उभी राहिले, हसू आवरेना आणि बाहेर यायची सोय नाही. अनंतराव मात्र हसले नाहीत. रविवारच्या उपदेशाचा विषयच ‘उद्धार’ आहे, आपण दुभाष्याचं बघू या का, असं त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. मी आतूनच ओरडून सांगितलं की काही बघायचं नाही. रात्री मी तोरणेला समोर बसवून त्या शब्दाचे दोन्ही अर्थ फोडून सांगितले. तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने विचारलं, म्हणजे मावशी, तुम्ही रोज सकाळी माझ्या बुटांवरून जे करता तेही तेच का? मी म्हटलं, तेच.

रविवारी चर्च असं भरलं होतं की खराडीच्या कंपन्यांतली, एरवी नाताळलाच दिसणारी पोरंसुद्धा आली होती. (हमालाची साक्ष आमच्या ग्रुपवर आधीच फिरली होती.) तोरणे उभा राहिला. हातात कागद नाही. तो म्हणाला, माझ्या गावात कोणी कोणाला रागवत नाही. शेजारी आजारी पडला तरी आम्ही दार वाजवत नाही, त्याला त्रास होईल म्हणून. इथे मावशी रोज माझा उद्धार करतात. बुटांवरून करतात, पाण्यावरून करतात, मी वरण टाकलं म्हणून करतात. पण उद्धार करून कधी उपाशी ठेवलं नाही. तोंडाने बोलतात आणि हाताने वाढतात. मला वाटतं, देवही तसाच करत असेल. तुमच्या भाषेने दोन गोष्टींना एकच शब्द ठेवला, तो चुकून नाही ठेवला.

लोक आधी हसले, मग कोणी हसेना. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मला रडू आलं, ताई, सरळ सांगते. आपलं तोंड वाईट म्हणून आयुष्यभर ऐकलं, आणि त्याच तोंडात एका परक्या मुलाला काहीतरी चांगलं सापडलं. अनंतरावांनी बाहेर आल्यावर माझं अभिनंदन केलं, कानटोपी देऊ केली आणि म्हणाले, तिकडे तुम्हालाही शेवटच्या रविवारी त्यांच्या भाषेत बोलावं लागेल असं पत्र आलंय. जमेलच तुम्हाला. महिना पुष्कळ झाला.

तर अशी मी जिंकले. तोरणे परवा गेला. जाताना दारात येतो म्हणाला आणि खरंच गेला. घर फार नीटनेटकं वाटतंय, मला आवडत नाही. तुझ्या मांजरीला प्रेम, बाकी सर्वांना सलाम.

तुझी,
शर्मिला

ता. क. तुझं ते जाड लोकरी स्वेटर ट्रंकेतून काढून उन्हात घाल.

आणखी एक ता. क. वर जे धीटपणाने लिहिलंय ते सगळं खरं आहे, एवढंच लिहायचं राहिलं की मला भीती वाटते. इथे मी बोलते ते भाषा माझी आहे म्हणून. तिकडे रात्री अकराला सूर्य मावळतो म्हणे. मग झोपायचं कधी, एवढंही मला विचारता येणार नाही. महिनाभर गप्प, ताई, मी! एकटीने नाही व्हायचं माझ्याने. तू बरोबर चल. त्यांची मंडळी दोघींची सोय करायला तयार आहे.

शेवटचा ता. क. ताई आनंदाने तयार झाली, असं मी पाळकसाहेबांना कालच सांगून टाकलं आहे. तेव्हा रागवायचं असेल तर आजच रागावून घे. पासपोर्टच्या फोटोत कपाळावर आठ्या चालत नाहीत.