ती "न्हाई" म्हणाली

मंगळवार, संध्याकाळ

जनमत चाचणीच्या कामात आम्हाला शिकवलंय, लँडलाइनवर घरातले ऐकतात म्हणून लोक जपून बोलतात, मोबाईलवर खरं बोलतात. आज कर्जतकडच्या एका बाईंना मोबाईलवर विचारलं, "सरपंचांच्या कामावर समाधानी आहात?"

"न्हाई," ती हळूच म्हणाली. "माजे सासरेच हायत ते."

मागे कुणीतरी खाकरलं. फोन बंद.

ते "न्हाई" डोक्यातून जात नाही.

पाच मिनिटांत त्याच नंबरवरून सासऱ्यांचा फोन. "आमची सून काय म्हनली?"

"काहीच नाही. वेळ नाही म्हणाल्या."

"ती तर सांगती, माजं लई कौतुक केलं तिनं."

मी का बोलले? वाचवायला गेले आणि तिलाच खोटं पाडलं. आता तो मोबाईल त्यांच्या हातात आहे. तिची खुशाली विचारू तरी कशी?