संजय, दुप्पट जवळ

रवि., १७ एप्रिल २००५. न्हावरे
काल दौंडहून माहेरी आले. नवा डिजिटल कॅमेरा मुद्दाम आणला होता, कौतुक करून घ्यायला. आईनं हातात घेतलासुद्धा नाही. तिच्या डोक्यात एकच: संजयनं चिमणीचं काम सोडावं. साखर कारखान्याचं गाळप संपलं, चिमणीला रंग चढतोय आणि आमचा धाकटा भाऊ दोराच्या पाळण्यात बसून तो रंग मारतोय. गेटवरची सावलीतली नोकरी सोडून! तेव्हापासून आई त्याला वाढते, पण जवळ बसत नाही. बोलत तर नाहीच. अंगणातून चिमणी समोर दिसते म्हणून भांडी घासायची जागासुद्धा बदलली तिनं. आता चिमणीकडे पाठ करून घासते.
मला वाटतं तिनं त्याला एकदा तरी काम करताना बघावं. न बघता माणूस जास्त भितो.
फोटो काढला. झूम होता तेवढा लावला, तरी आमचा सं. म्हणजे भिंतीवरचा मुंगळा. डिजिटल झूम केला तर मुंगळ्याचे नुसते चौकोन.

गुरु., २१ एप्रिल. दौंड
ह्यांनी पुण्याहून जोडभिंग आणलं. कॅमेऱ्याच्या पुढं लावायचं, दुप्पट जवळ दिसतं. चांगलं जड आहे. पण भिंगाला आटे आहेत आणि आमच्या कॅमेऱ्याला नाहीत! दुकानदाराला विचारलं नाही का, तर म्हणे, "तो म्हणाला सगळ्यांना बसतं." सगळ्यांना, म्हणजे आपला सोडून. हसावं की रडावं.

रवि., २४ एप्रिल
सकाळपासून हे पाइपचा तुकडा कापत बसलेत. फिटरचा हात, रेल्वेत तेच करतात. नळी अशी की एका टोकाला भिंग, दुसरं टोक कॅमेऱ्यावर टेपनं. पहिली नळी आखूड झाली. कॅमेरा चालू केल्याबरोबर आतली लेन्स बाहेर आली ती भिंगावर आपटली, टर्रर्र, आणि बंद. ह्यांनी नळी काढली, लेन्स फुंकून पुसली. मग परत चालू केला, चालला.
दुसरी नळी लांब केली. फोटो पांढुरके येत होते, तर आतून फळ्याचा काळा रंग मारला. झूम नसताना चारही कोपरे काळे, विहिरीत वाकून बघावं तसं. झूम पूर्ण ताणला की सगळं उघडतं. गच्चीवरून लांबच्या सिग्नलच्या खांबावरचा नंबर वाचला मी! माणूस बोलायला कंजूष, पण हाताला काय गुण आहे. तसं तोंडावर सांगितलं. लाजले.

रवि., १ मे. न्हावरे
मिळाला. सं.चा चेहरा मिळाला.
कपाळावर लाल रंगाचा फराटा, दातात ब्रश, आणि आमच्याकडे वळून हात हलवतोय. इतका खुशीत मी त्याला लहानपणानंतर बघितला नव्हता. त्याला तिथून खाली सगळा ऊस, रस्ते, घोड नदीची रेघ दिसत असेल, आणि तो तिथं वर आपल्याच ओसरीवर बसल्यासारखा. डोळे भरून आले माझे. एवढ्या उंचीवर एवढा निवांत माणूस आपल्या घरात जन्मला!
मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघितला. कमरेच्या पट्ट्याचा हुक मोकळा. नुसता लोंबतोय.
रात्री आई मागं गेल्यावर सं.ला विचारलं.
"तू फोटो काढतीयास ते दिसलं. वळायचं व्हतं, दोरी आडवी येत व्हती. म्हनून काढला जरा."
म्हणजे माझ्यासाठी. हे एवढं भिंग, ही नळी, हा सगळा खटाटोप. आणि त्यापायी त्यानं हुक काढला.
"आईला फोटो दाव," म्हणाला. "फकस्त हुक दावू नको."
दाखवलाच नाही.

रवि., ८ मे. न्हावरे
कॅमेरा पिशवीतून काढलाच नव्हता. नुसतं भिंग पुसत बसले होते. आईनं उचललं, डोळ्याला लावलं. उलटं.
"आनखीच लांब गेलं की समदं."
मी फिरवून दिलं. कॅमेऱ्याशिवायही दिसतं त्यातून, थोडं मोठं. मग, कुणी न सांगता, ती चिमणीकडे वळली. बराच वेळ बघत राहिली. डोळा काढला नाही.
"पाळना सरकवायच्या आदी दोर दोनदा वढून बघतो त्यो," म्हणाली. "माझ्यावानी."
खरंच. आई विहिरीवर पोहरा सोडायच्या आधी दोर दोनदा ओढते, जन्मभर. आम्ही हसायचो. मला हे कधी सुचलं नव्हतं, आणि तिला एका नजरेत.
मग मला राहवलं नाही, तो फोटो दाखवला. हुकासकट. पडदा डोळ्याजवळ नेऊन बघितला तिनं. चिडली नाही.
"त्येला सांग, मी बगत्ये म्हनावं."
सांगितलं. सं. नुसता हसला, पण कान लाल झाले.

रवि., १५ मे. न्हावरे
भिंग आईकडेच आहे. भांडी घासायची जागा पुन्हा पहिलीच झालीय, तोंड चिमणीकडे. सं. म्हणतो, आता हुक लावला की खालच्या दिशेला हात करतो. आई म्हणते, हात करायची काय गरज, मला दिसतंय की. दोघं हे मला सांगतात, एकमेकांना नाही.

सोम., २३ मे. बुद्धपौर्णिमा
काल रंग संपला. चिमणीचा शेंडा लालभडक, लांबून येताना एस.टी.तूनच दिसला.
बुद्धवंदना झाली. आईनं पांढरं लुगडं नेसून खीर केली. सं.ला वाढली आणि त्याच्याशेजारी बसली. बसली! ह्यांनी मला कोपरानं ढोसलं.
खीर खाता खाता सं.नं सांगितलं: ठेकेदारानं कर्नाटकातली चिमणी रंगवायला घेतलीय, हिच्यापेक्षा उंच. परवा निघायचं, आई हो म्हणाली तर. सगळे आईकडे बघतोय. तिनं त्याला आणखी खीर वाढली.
संध्याकाळी भिंग पदरानं पुसत मला म्हणाली, "ह्यातनं किती लांबचं दिसतं गं?"
समोरच्या चिमणीपर्यंत, म्हटलं.
"मग ऱ्हाऊ दे संज्याकडं. त्यो उंचावर आसतो. त्येला आपलं घर दिसंल."
जा म्हणाली नाही. जाऊ नको, असंही नाही. भिंग ओसरीच्या फळीवर ठेवलंय. सं.नं अजून उचललेलं नाही.