सतरा ठिकाणी अव्वा

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय दानेश्वरी,

येत्या शनिवारी आपल्या ब्लॉगला वर्ष होतंय. स्टाफरूममध्ये जेवता जेवता तू, मी आणि शालूबाईंनी 'उघडा डबा' सुरू केला, तेव्हा तो महिनाभर तरी टिकेल असं मला वाटलं नव्हतं. घरोघरच्या खाण्याच्या आठवणी लिहायच्या, एवढंच ठरलं होतं. शालूबाईंचा पहिला लेख आठवतो? कटाच्या आमटीवरच्या दहा ओळी एका बोटानं टाइप करायला त्यांना दोन तास लागले. पहिली प्रतिक्रिया आली, 'लेख उत्तम, पण आमटीत मीठ कमी असते.' कोण हा आगाऊ, म्हणून बाई दिवसभर धुमसत होत्या. संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं, ते शेजारच्या खोलीत बसलेले त्यांचेच यजमान, गणपतराव. शंभर वाचक झाले तेव्हा आपण रंकाळ्यावर भेळ खाल्ली. ब्लॉगच्या वाचकांच्या नकाशावर जर्मनीत एक ठिपका दिसला, तर शालूबाई म्हणाल्या आता माझा फोटो बदलायला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी खरंच नवी इरकली नेसून शाळेत आल्या.

मग तुझा लेख आला, तुझ्या अव्वांवरचा. मी मराठीची बाई, म्हणून सगळ्यांचं लिखाण तपासायचं काम माझ्याकडं. तुला न विचारता मी तो सुधारला. 'अव्वा'ची 'आई' केली. 'पोटात गेलं की समदं ग्वाड हुतंय' हे त्यांचं बोलणं 'पोटात गेले की सगळे गोड होते' असं करून टाकलं. चारशे जणांनी वाचला, आपला विक्रम. मी पेढे आणले. तू एक घेतलास आणि म्हणालीस, "छान झालंय गं. पण ही माझी अव्वा न्हाय." बाहेरच्यांना कळायला नको का, म्हणून मी हसण्यावारी नेलं. दोन महिन्यांनी तुझी कुरुंदवाडला बदली झाली आणि तुझं लिहिणं थांबलं. शालूबाई विचारायच्या तेव्हा मी सांगायचे, नवी शाळा आहे, वेळ मिळत नसेल. खरं कारण मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात अव्वा गेल्या, आम्ही दोघी भेटायला आलो. तू चहा ठेवायला आत गेलीस, तेव्हा त्यांच्या फोटोजवळ तो लेख छापून ठेवलेला दिसला. प्रत्येक 'आई' पेनानं खोडून तू वर 'अव्वा' लिहिलं होतंस. सतरा ठिकाणी. तू चहा घेऊन आलीस आणि मी काय बोलले, तर चहा छान झालाय. परतताना एसटीत शालूबाईंना सगळं सांगितलं. जयसिंगपूर येईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे तिला सांगायचं सोडून मला काय सांगतीस?"

म्हणून हे पत्र. तुझा मूळ लेख मेलमध्ये सापडला. काल शालूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्या हसल्या, डोळे पुसले, परत वाच म्हणाल्या. मला तर अव्वा पहिल्यांदाच भेटल्या. शनिवारी तो तू लिहिलास तसाच लावावा, आणि आधी तो मी बदलला होता हे खाली माझ्या नावानं लिहावं, असं मनात आहे. पण तू हो म्हणालीस तरच. नको म्हणालीस तर जुनाही काढून टाकीन. मला माफ करायचं की नाही ते तू सावकाश ठरव. तुझ्या अव्वांच्या एका अक्षरालाही आता तुला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही.

तुझीच,
प्रियदर्शनी