घाटात पोरींची सोय नव्हती

आबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. आज लिहायला बसले ते प्रेम उतू चाललंय म्हणून नाही, जळफळाट झालाय म्हणून. गेल्या आठवड्यात तुमच्या लाडक्या लेकानं भाड्यानं कॅम्पर व्हॅन घेतली आणि बायकोला, मला घेऊन आंबोली घाटाकडं निघाला. आत गादी, शेगडी, बेसिन, चालतंफिरतं घरच की! आजरा मागं पडलं, रस्ता झाडीत शिरला आणि हा पठ्ठ्या सुरू झाला. "हितं आबा इंजिन गार करायचे. ह्या वळणाला दोनदा हॉर्न." प्रत्येक वळणाला त्याच्याकडं तुम्ही आहात. माझ्याकडं तुमचा रिकामा जेवणाचा डबा, घासायला टाकलेला.

गुळाचा टेम्पो घेऊन तुम्ही कोकणात उतरायचात, आणि मेच्या सुट्टीत तो तुमच्या शेजारी बसून जायचा. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण मी कधीच नाही. नववीत असताना एकदा मी ठेवणीतला ड्रेस घालून सरळ टेम्पोत जाऊन बसते. तुम्ही दार उघडता. "उतर खाली. घाटात पोरींची सोय न्हाय."

"मी पाणीच पिणार न्हाय, आबा."

तुम्ही हसता आणि दंडाला धरून मला उतरवता. तो माकडासारखा वर चढतो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी खरंच पाण्याचा थेंब घेतला नाही, तुम्ही आलात की सांगायचं म्हणून. तुम्ही आलात तिसऱ्या दिवशी. माझ्यासाठी आजऱ्याचे काजू आणले होते. मी एकालाही हात लावला नाही, सगळे त्यानंच हादडले.

आणि आबा, ह्या व्हॅनमध्ये संडास आहे. मागच्या बाजूला एवढंसं दार. मला लागली नव्हती, तरी आत गेले, कडी घातली आणि वळणावळणाला भिंत धरून बसले. एवढ्या एका दारापायी माझी तुमच्या शेजारची जागा गेली! रडू आलं, पण ते रागाचं.

घाट उतरायच्या आधी त्यानं रस्त्याकडेच्या देवाच्या देवळीपाशी गाडी थांबवली. तुम्ही तिथं नारळ फोडायचात आणि शेजारी बसलेल्यानं त्याचं पाणी पुढच्या चाकावर घालायचं, हे मी त्याच्याच तोंडून हजारदा ऐकलंय. भावजय सहज म्हणाली, "वन्सं, तुम्हीपण यायचा व्हय मामंजींच्या बरोबर?"

"तर! लई वेळा. चाकावर पाणी मीच घालायची की."

त्याचा नारळाचा हात तसाच थांबला. आता हा बायकोसमोर माझी अब्रू काढणार, असं वाटून मी देवळीकडं बघत राहिले. त्यानं नारळ फोडला, पाण्यानं भरलेली कवड माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "घाल, आक्का."

मी घातलं. 

हा कागद तुमच्या फोटोपुढं ठेवावा, तर फोटोसुद्धा त्याच्याच घरी आहे, त्यामुळं तो माझ्या शिलाई मशीनच्या खणातच राहील. खोटं बोलले त्याचं मला काही वाटत नाही. पण त्यानं ते पाणी दिलं तेव्हा तरी माझं मन निवायला हवं होतं. नाही निवलं, आबा. तुम्ही त्याच्या वाट्याला इतके आलात की त्यातलं थोडं त्याला असं सहज देऊन टाकता आलं, ह्याचाच मला जास्त राग आला.