चाळीस दिवसांत चाळीस भेटी

५ मार्च, बुधवार
आजपासून लेंट, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. बाकीचे पाळक मटण सोडतात. मी आळस सोडणार. (माझ्यात तो फारसा नाही, पण मंडळीपुढे उदाहरण हवं.) संकल्प: ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांत चाळीस घरभेटी. घोडपदेव ते अँटॉप हिल, एकही कुटुंब सुटता कामा नये. तक्ता आखला. वर नाव घातलं: रेव्ह. चिंतामणी शेलार. दोन रंग वापरले. त्यात दुपार झाली. भेटी उद्यापासून.

८ मार्च, शनिवार
भेटी शून्य. लेंटमध्ये रविवार मोजत नाहीत. म्हणजे उद्याचा दिवस असाही धरायचा नाही. सोमवारपासून सलग.

११ मार्च, मंगळवार
बुधाजी भालेराव ॲडमिट. परळला, चौथा मजला. वय अठ्ठ्याहत्तर. गिरणी बंद पडल्यापासून आमच्या चर्चचं दार तेच उघडतात, घंटा तेच वाजवतात. त्यांची मुलगी मेघना महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिचा फोन आला. फुप्फुसात पाणी झालंय म्हणाली, बाबा सारखे तुमचं नाव घेतात. म्हटलं, उद्या येतोच. तक्त्यात पहिलं नाव बुधाजींचं टाकलं. हिरव्या शाईत.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.१०
हॉस्पिटलला गेलो. लिफ्टला रांग. नातेवाइकांना घाई असते, म्हणून त्यांना पुढे जाऊ दिलं. चार लिफ्ट सोडल्या. हीसुद्धा सेवाच. जिना होता, पण गुडघा. मग भेटायची वेळ संपली. खाली चहा चांगला मिळतो.

१९ मार्च, बुधवार
माझी बायको ललिता ऑफिस सुटलं की रोज डब्यात पेज घेऊन बुधाजींकडे जाते. मला विचारलं, तुम्ही कधी येणार? मी म्हटलं, ईस्टरच्या उपदेशावर काम चाललंय. विषय ‘भिऊ नको’. मूळ हिब्रूतून बघतोय. तुम्हाला हिब्रू येतं का, असं तिने विचारलं. शिकतोय म्हटलं. ती डबा घेऊन गेली.

२६ मार्च, बुधवार
आज नक्की जाणार होतो. शर्ट, कॉलर, सगळं घातलं. जिन्यात शिंक आली. एकच, पण आजारी माणसाजवळ रिस्क कशाला? परत वर आलो. बुधाजींच्या काळजीपोटीच.

२ एप्रिल, बुधवार
उत्तम आयडिया. प्रार्थनेचा व्हिडिओ करून मेघनाला पाठवायचा. आजकाल सगळे करतात. खिडकीजवळ बसलो, उजेड छान. सात टेक झाले. दर वेळी ‘त्याला बरं कर’ इथे येऊन आवाज बसतो. घसा असणार. कोमट पाणी प्यायलो. आठवा टेक केला. सगळे डिलीट केले.

६ एप्रिल, रविवार. दुपारी
उपासनेला तेवीस माणसं. उन्हाळा आहे.
घसा नाही. हे लिहायचं नव्हतं, पण ही वही कोण वाचणार आहे?
दोन हजार एकवीसच्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, मी फोनवरून अकरा जणांसाठी प्रार्थना केली. नुसती केली नाही, खात्री दिली. प्रभू उठवील म्हणालो. अकराच्या अकरा शिवडीच्या कबरस्तानात पुरले. त्यात बुधाजींची बायको रखमा. तिला माती दिल्यावर बुधाजी माझ्याजवळ आले आणि प्रार्थना चांगली केलीत म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मी एकाही वॉर्डात पाय टाकलेला नाही. चार वर्षं. कधी मीटिंग, कधी गुडघा. उपदेश करतो, लग्नं लावतो, बाप्तिस्मे करतो. एकटा असताना ‘हे बापा’ म्हणतो, आणि पुढे काही येत नाही.
उद्या जाणार.

७ एप्रिल, सोमवार
गेलो नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
आज एक चूक झाली. चूक म्हणजे, ओघात. सूचना देताना म्हणालो, बुधाजीकाकांची प्रकृती सुधारतेय, मी त्यांना नेमाने भेटतो आहे. बोलल्यावर पाहिलं तर तिसऱ्या बाकावर मेघना. झावळी मांडीवर धरून माझ्याकडे बघत होती.
नंतर ती दाराशी थांबली. मी म्हटलं, या आठवड्यात कामं फारच होती. ती शांतपणे म्हणाली, “पाळकसाहेब, बाबा रोज विचारतात. मी सांगते, तुम्ही येऊन गेलात, तेव्हा ते झोपले होते.”
माझ्यासाठी ती महिनाभर खोटं बोलतेय. संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा मीच तिला शिकवल्या.

१७ एप्रिल, गुरुवार
ललिताने सकाळी डबा माझ्या हातात दिला. मला आज उशीर होईल, तुम्ही न्या, एवढंच म्हणाली. तिला उशीर होणार नव्हता. आज सुट्टी होती तिची.
जिन्याने गेलो. लिफ्ट रिकामी होती तरी.
बुधाजी खूप लहान झालेत. नाकात नळी. ओळखायला वेळ लागला. मला, त्यांना नाही. हात जोडून म्हणाले, “साहेब, माफ करा. तुम्ही रोज येता आणि मी मेला झोपलेला असतो.”
मी स्टुलावर बसलो. घरी लिहून नेलेली प्रार्थना खिशात होती, ती काढली. ‘हे बापा’ म्हणालो. पुढचं अक्षर दिसेना. बाजूच्या पेशंटची बाई बघायला लागली.
मग डोक्यावर हात आला. सलाइनची सुई लावलेला, हलका. “ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “आज मी करतो.” आणि डोळे मिटून म्हणाले, “बापा, आमच्या साहेबाला सांभाळ. तो भितो. तुला ठाऊकच आहे. आमेन.”
म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं.
नर्स आली. बेडजवळून बाजूला व्हा, पेशंटला त्रास होतो म्हणाली. मग माझं तोंड बघून विचारलं, तुमचं कोण गेलं?
पेज चार चमचे खाल्ली त्यांनी. मी भरवली.

१९ एप्रिल, शनिवार
बुधाजी पहाटे गेले. दुपारी शिवडीला. विधी मी चालवला. पुस्तकातलं वाचलं, एक शब्द पदरचा घातला नाही. मेघनाने माझा हात धरून ठेवला. खरं तर मी तिचा धरायला हवा होता.

२० एप्रिल, ईस्टर. दुपारी १२.३०
‘भिऊ नको’ घरीच ठेवलं. पुलपिटवर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. अकरा जण, लिफ्ट, शिंक, मेघनाचं खोटं, माझं खोटं. चार वर्षं मला प्रार्थना येत नाही, हेही. चर्च भरलेलं होतं, ईस्टर ना. माणसं पंख्याखाली अगदी शांत बसून होती. सेक्रेटरी शंतनु गायकवाड मागून हात हलवत होता. मला वाटलं, धीर देतोय, बोला म्हणतोय. बोललो. रडलोही. आयुष्यातला एकमेव खरा उपदेश.
उपासना संपल्यावर शंतनु धावत आला. साहेब, सुरुवातीपासून माइकच बंद होता, म्हणाला. त्यात बाहेर लग्नाचा बँड. मागच्यांना एक अक्षर कळलं नाही, पुढच्या बाकावर फक्त सुंदराबाई, त्यांना तसंही ऐकू येत नाही. मग त्याने काळजीने विचारलं, “काही महत्त्वाचं होतं का? पुढच्या रविवारी परत घेऊ या.”
मी म्हटलं, नाही रे. नेहमीचंच.