पहिला ग्लास दादाचा

गुदैबिया, मनामा
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय हॅन्सेलभाऊजी,

जय येशू. तुम्ही आणि ग्लेनिसवहिनी खुशाल असाल. आम्ही इथे बहरीनला बरे आहोत. आमचा मुलगा गॅविन टोरंटोला बरा आहे. माझे गुडघे बरे नाहीत, पण ते कधीच नव्हते.

पत्र पाहून नवल वाटेल. फोन केला की माझा आवाज ऐकून तुम्ही "रेंज नाही" म्हणता. वसईत अजून रेंज नाही हे आता कोणाला पटायचं नाही, भाऊजी. म्हणून पत्र. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातली नर्स लविना सुट्टीवर निघाली आहे, तिच्या हाती देते. ती आपल्या निर्मळची आहे, दारात उभी राहून देईल. तिला चहा द्या, तिच्यावर रागावू नका.

मागणं एकच आहे, ते आधीच सांगते. तुमच्या भावाला, रेमंडला एकदा फोन करा. जमलं तर इकडे या. का, ते खाली लिहिते.

रेमंड रिटायर झाल्यापासून घरीच असतो. त्याचा इथे राहायचा व्हिसा आता माझ्या नोकरीवर आहे. "चाळीस वर्षं तू माझ्या पाठीमागे आलीस, आता मी तुझ्या," असं म्हणून हसतो. ज्याचा जन्म चिलर प्लांटवर एसीचं पाणी थंड करण्यात गेला, तो माणूस घरी बसून काय करणार? माझ्या स्वयंपाकघरात शिरला. म्हणाला, बिअर करणार. मी म्हटलं, दुकानात मिळते, आण आणि पी. म्हणाला, पिण्यासाठी कोण करतंय?

आता आमच्या मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन होतं तिथे लोखंडी मांडणी आहे, आणि वॉशिंग मशीन बेडरूममध्ये माझ्या उशाशी आहे. मांडणीवर स्टीलची तीन पातेली, एकाखाली एक. वरच्यात पाणी तापतं, मधल्यात भरडलेले सातू त्या पाण्यात पेजेसारखे मुरतात, खालच्यात ते गोड पाणी उकळतं. मग ते थंड होऊन फ्रीजमधल्या पिंपात जातं आणि तिथे यीस्ट आपलं काम करतं. सगळं आपोआप. पंप आपोआप चालतो, कॉक आपोआप उघडतात, पाणी जास्त तापलं तर हीटर आपोआप बंद होतो. पातेल्यांना भोकं पाडून नळ्या जोडायचं काम तुबलीच्या हमझा वेल्डरने केलं. तो विचारत होता, "साहब, ये बिरयानी का देग है या दवाखाने का सामान?" रेमंड म्हणाला, "सूप बनाएगा, मेमसाब नर्स है." हमझाला पटलं नाही, पण वेल्डिंग चांगलं केलं.

सातू बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारातल्या एका दुकानातून आणले. ते भिजवून, गोणपाटावर मोड आणून, गच्चीवर वाळवले. इथल्या उन्हाचा इतक्या वर्षांत हा पहिला उपयोग झाला. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं गॅविनच्या सुटकेसमधून आली. माझं बोलून बोलून तोंड थकलं. घरी दारू गाळणं इथे चालत नाही, कोणी तक्रार केली तर आमचा व्हिसा खलास, हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे.

एकदा खालची तस्नीम वर आली. हैदराबादची आहे, चांगली बाई. मला वाटलं, संपलं आता. ती दारात उभी राहून वास घेत म्हणाली, "भाभी, तलबीना बना रही हैं? सब ख़ैरियत तो है?" तलबीना म्हणजे त्यांच्याकडची सातूची खीर. आजारी माणसाला देतात, आणि जिथे कोणी गेलं असेल त्या घरी. मी म्हटलं, सब ख़ैरियत. ती गेली आणि मी का कोण जाणे, पंप बंद होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

एक गंमत सांगते. एसीच्या आवाजात त्याला मशीनची शिट्टी ऐकू येत नव्हती. तर त्याने काय करावं? माझ्याकडून वाक्यं बोलून घेतली, फोनवर रेकॉर्ड केली आणि मशीनमध्ये घातली. "एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या आवाजाला मी घाबरलोय?" म्हणे. गॅविनने तिथून प्रोग्रॅम लिहून दिला. आता बाल्कनीतून मीच ओरडत असते, "रेमंड, पाणी तापलं." "रेमंड, सातू घाल." "रेमंड, झाकण उघडू नको." मी ड्युटीवर असले तरी माझी कटकट घरी चालूच. लविना म्हणते, सगळ्या बायकांनी एकेक बसवून घ्यायला पाहिजे.

आणि सगळ्यात शेवटी, बिअर तयार झाली की ते माझ्या आवाजात म्हणतं, "रेमंड, थांब. पहिला ग्लास दादाचा."

तुम्हाला आठवत असेल. नाताळला पप्पा जांभळाच्या वाइनची बरणी उघडायचे तेव्हा पहिला ग्लास घरातल्या मोठ्या मुलाच्या हातात. तो चाखून "बरी आहे" म्हणेपर्यंत बाकीच्यांनी ओठ लावायचा नाही. एका वर्षी तुम्ही मुद्दाम तोंड वाकडं केलंत, आणि रेमंड रडकुंडीला आला होता. लग्नानंतर ही गोष्ट त्याने मला इतक्यांदा सांगितली की मीच तिथे होते असं वाटतं.

तर भाऊजी, बिअर तयार आहे. रंग मधासारखा आलाय. आणि तो ती पीत नाही, कोणाला पिऊ देत नाही. दुसरी खेप झाली, तीही पिंपात तशीच. फ्रीजमध्ये भाजी ठेवायला जागा नाही. रोज विचारतो, दादा कधी येतोय?

तुमच्यात जे झालं त्यात मी पडत नाही. वाडी तुम्ही विकलीत ती कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक. तो जे बोलला ते बोलायला नको होतं. तुम्हीही बोललात. पण आता भाऊ पुढे येतोय, तर तुम्ही दार उघडा. एक फोन. यल्ला, चला, एवढं तर करा.

बाकी सगळं ठीक.

तुमची,
मॅगी


गुदैबिया, मनामा
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय हॅन्सेलभाऊजी,

लविना परत आली. वहिनींनी दिलेले केळ्यांचे सुके तुकडे पोचले. तुम्ही पत्र वाचलंत आणि तिच्याजवळ निरोप दिलात. तिने तो शब्दन् शब्द सांगितला: "त्याला विचार, विहिरीपाशी मला काय म्हणाला ते आठवतं का. आठवत असेल तर आधी माफी माग म्हणावं. मग बिअर पिऊ."

मी विचारलं.

तो बाल्कनीत नळ्या धूत होता. मी म्हटलं, "रेमंड, वाडीतल्या विहिरीपाशी तू दादाला काय म्हणालास, आठवतं?" त्याने नळी खाली ठेवली. पुष्कळ विचार केला. मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, "का? दादा विहिरीत पडला का?"

मागच्या पत्रात मी "बाकी सगळं ठीक" असं लिहिलं होतं. ठीक नाही, भाऊजी. रेमंड विसरायला लागलाय. म्हातारपणी माणूस चष्मा विसरतो, तसं नाही. डॉक्टरांनी स्कॅन केला, मला बाजूला नेऊन सांगितलं. त्यांना सांगायची गरज नव्हती. वॉर्डात अशा किती जणांचे हात धरून मी त्यांना बाथरूमपर्यंत नेलंय. दुसऱ्याच्या घरचं असतं तर मी दारातूनच ओळखलं असतं. स्वतःच्या घरी मी म्हणत राहिले की उन्हाने झालं, रिटायर होऊन डोकं रिकामं झालं. गॅविनला विचारलं तर तो म्हणाला, "ममा, इट्स जस्ट स्ट्रेस. ही बिल्ट अ होल ब्रूअरी!" मलाही ते ऐकायला हवंच होतं. ज्या माणसाने एवढं मशीन बांधलं त्याचं डोकं कसं बिघडेल?

आता कळतंय की उलटं आहे. डोकं बिघडतंय हे त्याला माझ्याआधी कळलं होतं, म्हणून त्याने मशीन बांधलं.

गेल्या उन्हाळ्यात एकदा त्याने शेगडी तशीच पेटती ठेवली होती, पातेलं जळून काळं झालं. मी रागावले. त्यानंतरच हीटर आपोआप बंद होणारा बसला. मग तो आवाजाच्या मागे लागला. तुम्हाला मी बिअरची वाक्यं लिहिली, बाकीची लिहिली नाहीत. त्याने माझ्याकडून हेही बोलून घेतलं होतं: "रेमंड, मी ड्युटीवर आहे, येते." "रेमंड, जेवण टेबलावर आहे." "रेमंड, दार उघडं ठेवून बाहेर जाऊ नको." मी विचारलं होतं, ह्याचा बिअरशी काय संबंध? म्हणाला, "सिस्टिम पूर्ण पाहिजे." मी हसत हसत बोलून दिलं. भाजी चिरता चिरता.

मागच्या आठवड्यात दुपारची ड्युटी लवकर सुटली. दार उघडलं तर आतून माझाच आवाज, "रेमंड, मी ड्युटीवर आहे, येते." आणि तो स्वयंपाकघरातून म्हणाला, "सावकाश ये गं. गर्मी आहे." मी पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. मी आलेय हे त्याला सांगायलाही धीर होईना.

तर माफी कुठून मागणार? जे आठवत नाही त्याची माफी कशी मागायची? तो काय म्हणाला ते मला आठवतं. "तू वाडी नाही विकलीस, पप्पांना विकलंस, त्या धसक्याने ते गेले," असं म्हणाला. आणि तुम्ही म्हणालात, बापाला खांदा द्यायला जो आला नाही त्याने बापाचं नाव घेऊ नये. त्याला सुट्टी मिळाली नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं. पप्पांचं औषधपाणी वाडीवरच झालं, हे त्याला माहीत होतं. दोघांनाही सगळं माहीत होतं आणि दोघंही बोललात. विमानात तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, तेही तुम्हाला कधी कोणी सांगितलं नसेल.

तुम्हाला वाटेल, विसरला म्हणून सुटला. मलाही आधी तसंच वाटलं आणि राग आला. वाटलं, ह्याचं बरं आहे, भांडण करून ठेवलं आणि मोकळा झाला.

पण भाऊजी, एक गोष्ट मी पहिल्या पत्रात गाळली. "पहिला ग्लास दादाचा" हे वाक्य तो माझ्याकडून बोलून घेत होता तेव्हा त्याला सगळं आठवत होतं. मी फोन खाली ठेवला होता. म्हटलं, "कुठला दादा? तुझं तोंडही न बघणारा? आणि विहिरीपाशी झालं ते?" तो म्हणाला, "ते मला ठाऊक आहे. ते यात नाही घालायचं. तू फक्त एवढं म्हण." मला वाटलं बिअरची गोष्ट चाललीय. तो काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं ते ठरवत होता. शेगडी ठेवली, दार ठेवलं, मला ठेवलं, तुम्हाला ठेवलं. भांडण त्याने ठेवलंच नाही. एवढी माफी माझ्या तरी पाहण्यात कोणी मागितलेली नाही.

इथे आता फार दिवस निघणार नाहीत. मी नोटीस देणार आहे. मार्चपर्यंत वसईला येऊ, आमच्या खोलीची चावी वहिनींकडे आहे. मशीन सुटं करून हमझाला देऊन टाकीन, तो त्यात खरोखरच सूप करो. आवाज तेवढे फोनमध्ये घेऊन येईन. मी दमले आहे, भाऊजी. रात्रपाळीने नाही दमले, एकच उत्तर रोज देऊन दमले. मशीन म्हणतं, पहिला ग्लास दादाचा. तो ग्लास भरतो, झाकण ठेवतो, आणि विचारतो, "कधी येतोय?" मशीनमध्ये त्याचं उत्तर नाही. मग तो माझ्याकडे बघतो आणि मी म्हणते, "इंशाल्ला."

नाताळ जवळ आलाय. मार्चपर्यंत तो तुम्हाला ओळखेल, असं मी नर्स म्हणून सांगू शकत नाही. आज ओळखतो. काल फोटोतल्या तुमच्या मिशीला हसला. व्हिसा इथून ऑनलाइन होतो, तिकीट गॅविन काढेल, तुम्ही फक्त सांताक्रूझच्या विमानतळाच्या पुढे या. येऊन ग्लास उचला. पाहिजे तर तोंड वाकडं करा, तो रडेल, मग हसेल. विहिरीचं मात्र काढू नका. त्याला ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं लागेल.

नाहीच जमलं, तर फोनवर एवढं बोलून पाठवा: "रेमंड, मी येतोय." मी ते मशीनमध्ये घालीन, म्हणजे त्याला उत्तर मिळेल. पण खोटं बोलायचं असेल तर नको. ते रोज वाजेल आणि तो रोज स्वतःसाठी दुसरा ग्लास काढून वाट बघत बसेल.

त्या भांडणात दोघं होते. एक निघून गेला. आता ते सगळं तुमच्या एकट्याच्या घरी आहे. ठेवायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

ग्लास झाकून ठेवला आहे.

तुमच्या धाकट्या भावाची,
मॅगी